दुभती म्हैस आणि मोबाईलमधलं दुकान



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. तेवढ्यात एका ताईनं पिशवीतून नातवासाठी मोबाईलवरून मागवलेलं झबलं काढलं. या गटातल्या बाया शिवणकाम करतात. झबली-टोपडी, दुपटी, लंगोट शिवून आठवडी बाजारात विकतात. त्यामुळं ते झबलं सगळ्यांच्या हातातून फिरलं. कुणी उलटं करून शिलाई बघितली, कुणी कापड चोळून बघितलं. एक जण म्हणाली, "आपल्यासारखंच तर हाय की! आपला जोड एकशे चाळीसला घ्यायला लोक घासाघीस करतात, अन् हे तीनशेला आणलंस?"

कोपऱ्यात बसलेल्या आजींनी मात्र वेगळंच विचारलं. "हे मोबाईलमधलं दुकान नेमकं हाय कुणाचं? दर साली नवं नाव निघतं. मग जुनी नावं जातात कुठं?"

त्याच बैठकीत दुसराही विषय होता. एका व्यापाऱ्यानं गटाला पाचशे जोडांची ऑर्डर देऊ केली होती. अट एकच, कपड्यावर गटाचं लेबल लावायचं नाही, त्याचं लावायचं. शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. अर्ध्या जणी म्हणाल्या, घेऊन टाका. अर्ध्या म्हणाल्या, थांबा.

आजींचा प्रश्न आणि व्यापाऱ्याची अट, या दोन्हींचं मूळ मला एकच वाटतं. म्हणून आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलं.

घरात दूध हवं असेल तर दोन रस्ते असतात. एक, वगार पाळायची. तिला चारा-पाणी घालायचं, तीन-चार वर्षं वाट बघायची, मग ती विणार, मग दूध. दुसरा, बाजारात जाऊन दुभती म्हैस आणायची. पैसा एकदम मोजावा लागतो, पण संध्याकाळी चरवी भरते. मोठी ऑनलाईन दुकानं हा दुसरा रस्ता फार वापरतात. स्वतः वाढत बसण्यापेक्षा दुसऱ्याचं चालतं दुकानच विकत घेतात.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. लहान मुलांचे कपडे, डायपर, खेळणी विकणारं फर्स्टक्राय हे दुकान पुण्याचं. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा या दोघांनी ते २०१० मध्ये सुरू केलं. आधी इंटरनेटवर आणि मग गावोगावी दुकानं असं ते वाढत गेलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बायकांना भेटीचा डबा देण्याची त्यांची पद्धत होती. विचार करा, बाळ जन्मल्याबरोबर गिऱ्हाईक ओळखीचं झालं की पुढं कितीतरी वर्षं त्या घरात काही ना काही लागतच राहतं.

पण या धंद्यात ते एकटे नव्हते. ट्रॅक्टरवाल्या महिंद्रांनी 'मॉम अँड मी' नावाची दुकानं काढली होती. मुंबईत बेबीओये नावाचं ऑनलाईन दुकान होतं. या बेबीओयेनं आधी हूपोस नावाचं, असाच माल विकणारं दुसरं ऑनलाईन दुकान घेतलं. मग २०१५ मध्ये महिंद्रांनी बेबीओये घेतलं. आणि २०१६ मध्ये महिंद्रांचा हा सगळा धंदा फर्स्टक्रायनं घेतला. किंमत होती सुमारे ३६२ कोटी रुपये. म्हणजे हूपोस बेबीओयेच्या पोटात, बेबीओये महिंद्रांच्या पोटात आणि शेवटी सगळं फर्स्टक्रायच्या पोटात. आजी, जुनी नावं जातात ती अशी. बेबीओये हे एकेकाळी दुकानाचं नाव होतं. आता ते फर्स्टक्रायच्या दुकानात कपड्यांवरचं एक लेबल म्हणून उरलं आहे.

आता एवढे पैसे मोजून फर्स्टक्रायला मिळालं काय? शिल्लक कपडे आणि फळ्या-कपाटं यांची किंमत काही एवढी नसते. खरी किंमत वेगळ्याच गोष्टींची असते. पहिली गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. कोण काय घेतं, कधी घेतं, कोणत्या गावात राहतं, हे सगळं दुकानाला माहीत असतं. दुसरी, मोक्याच्या जागेवरची चालू दुकानं आणि गोदामं. तिसरी, काम शिकलेली माणसं. चौथी, लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. आणि पाचवी फारसं कुणी बोलून दाखवत नाही, पण ती सगळ्यात मोठी असू शकते. समोरचा भिडू कमी होतो. एका बाजारात एकाच मालाची दोन दुकानं असली की दोघं भाव पाडतात. दुसरं दुकान आपणच घेतलं तर भाव पाडायचं कारण उरत नाही.

घेतल्यावर कधी जुनं नाव ठेवतात, कधी पुसून टाकतात. फ्लिपकार्टनं २०१४ मध्ये मिंत्रा हे कपड्यांचं दुकान घेतलं. मिंत्राचं नाव चांगलं चालत होतं, म्हणून ठेवलं. लोकांना वाटतं दोन वेगळी दुकानं आहेत, मालक मात्र एकच. पुढं २०१६ मध्ये मिंत्रानं जबाँग नावाचं कपड्यांचंच दुकान सुमारे ७ कोटी डॉलरला घेतलं. ते काही वर्षं चालवलं आणि २०२० मध्ये बंद केलं.

मुंबईच्या बाझी डॉट कॉमची गोष्ट तर आणखी जुनी. आपल्याकडं मोबाईलवर खरेदी माहीतही नव्हती, तेव्हा २०००च्या सुमाराला ते सुरू झालं. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीनं ते ५ कोटी डॉलरच्या आसपास घेतलं आणि बाझी हे नाव गेलं. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडं गेला आणि पुढच्याच वर्षी तेही दुकान बंद झालं. आणि हे सगळं गिळणारं फ्लिपकार्ट तरी स्वतःचं राहिलं का? २०१८ मध्ये अमेरिकेच्याच वॉलमार्टनं त्यातला ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरला घेतला. रुपयांत ते एक लाख कोटींच्या वर जातं.

इथं कुणीही विचारील, एवढा पैसा आणतात कुठून? दुकान एवढा नफा कमावतं का? मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. पुष्कळदा नफा नसतोच. फर्स्टक्रायचंच बघा. २०२३-२४ या सालात कंपनीला ३०० कोटींहून जास्त तोटा होता, तरी ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि लोकांनी ते घेतले. मोठे गुंतवणूकदार आज पैसे घालतात ते उद्या हिश्श्याची किंमत वाढेल या आशेवर. त्या पैशातून दुकान दुसरी दुकानं घेतं, विक्रीचा आकडा फुगतो आणि आकडा फुगला की हिश्श्याचा भाव वाढतो.

शिवाय दर वेळी रोख द्यावी लागत नाही. महिंद्रांना फर्स्टक्रायनं काही रोख दिली आणि काही शेअर दिले. म्हणजे असं समजा, तुमची म्हैस मी घेतली, थोडे पैसे दिले आणि सांगितलं की माझ्या डेअरीत तुमचा हिस्सा राहील. २०२४ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा त्यातले थोडे महिंद्रांनी विकले. आठ वर्षांनी का होईना, त्यांचा सौदा पिकला.

पण प्रत्येक म्हैस दूध देतेच असं नाही. बाजारात कास भरलेली दिसते आणि दावणीला बांधल्यावर आटते. स्नॅपडील या दुकानानं २०१५ मध्ये फ्रीचार्ज ही मोबाईल रिचार्जची कंपनी घेतली. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे किंमत सुमारे ४० कोटी डॉलर होती, म्हणजे त्या वेळी अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात. दोनच वर्षांत ती ॲक्सिस बँकेला ३८५ कोटींना विकावी लागली. दुसऱ्याचं दुकान घेतलं म्हणजे त्याची घडी आपोआप बसत नाही. दोन हिशेब, दोन प्रकारची माणसं, दोन सवयी एका घरात नांदवाव्या लागतात. नव्या सुनेला घर आपलं वाटायला वेळ लागतो, तसंच हे.

आता आपल्या जवळची गोष्ट. गेल्या काही वर्षांत मोठे लोक मोठीच दुकानं घेतात असं राहिलं नाही. ते लहान लहान लेबलंही घेऊ लागले आहेत. फर्स्टक्रायच्याच पुढाकारानं २०२१ मध्ये ग्लोबलबीज नावाची कंपनी निघाली. घरसफाईचा माल, दागिने असा एकेक जिन्नस विकणाऱ्या लहान कंपन्यांत ती हिस्सा घेते. अमेरिकेत थ्रॅसिओ नावाच्या कंपनीनं २०१८ पासून हेच केलं. ॲमेझॉनवर विकणाऱ्या लहान धंदेवाल्यांची लेबलं तिनं भराभर घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्यावर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. अशा सौद्यांत काही पैसे आधी मिळतात आणि काही पुढच्या विक्रीवर अवलंबून ठेवलेले असतात. घेणाराच बुडाला तर ते पुढचे पैसे कुणाकडं मागायचे?

या सगळ्यावर देखरेख आहे का? आहे. भारतीय स्पर्धा आयोग नावाची सरकारी संस्था आहे. ठरावीक मर्यादेवरचा सौदा आयोगाच्या मंजुरीशिवाय पुरा होत नाही. वॉलमार्ट-फ्लिपकार्टचा सौदाही आयोगापुढं गेला होता. देशभरच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं विरोध केला होता, पण मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींवरच्या सौद्यांसाठी नवा नियमही आला. पण आयोग बघतो तो मोठ्या बाजाराचा तोल. आपल्या गटाच्या पाचशे जोडांचा हिशेब आपल्यालाच बघावा लागतो.

तर त्या हिशेबाकडं येऊ. बैठकीत आम्ही फळ्यावर मांडला. व्यापारी जोडाला ९० रुपये देणार. कापड, दोरा, वीज धरून खर्च ६०. बाईच्या हातात ३०. बाजारात तोच जोड १४० ला जातो, ८० सुटतात. पण बाजाराला जायचं भाडं आहे, दिवस मोडतो आणि माल उरला तर घरी आणावा लागतो. व्यापाऱ्याकडं नफा कमी, पण पाचशे जोड एकदम. नुसते आकडे बघितले तर ऑर्डर वाईट नव्हती.

मग मी विचारलं, मोठ्या दुकानांनी कोट्यवधी मोजून घेतलं काय? गिऱ्हाईक आणि नाव. आणि व्यापारी आपल्याकडून फुकट मागतोय काय? तेच. आपल्या हातचा कपडा त्याच्या लेबलनं गेला की गिऱ्हाईक त्याचं नाव लक्षात ठेवणार. उद्या त्याला ८५ मध्ये शिवून देणारी बाई दुसऱ्या तालुक्यात मिळाली तर आपल्याकडं मशीन राहील, हप्ता राहील, पण आपल्याला ओळखणारं गिऱ्हाईक राहणार नाही.

एक ताई लगेच म्हणाली, "नाव धरून बसलं तर हप्ता कोण भरील?" तिचंही खरं होतं. तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं की त्याच्या लेबलचे दोनशे जोड शिवायचे, पाचशे नाही. बाकीचा वेळ गटाच्या लेबलसाठी ठेवायचा. व्यापारी थोडा नाराज झाला, पण दोनशे घेऊन गेला. पुढच्या वेळी येईल की नाही, माहीत नाही. या महिन्याचा हप्ता मात्र भरला आणि त्याच महिन्यात बाजारात गटाच्या लेबलचेही जोड गेले.

तुमच्या गटासमोर अशी ऑर्डर आली तर चार गोष्टी करा.

पहिली, गिऱ्हाइकांची वही ठेवा. नाव, गाव, काय घेतलं, पुन्हा कधी आले. गिऱ्हाइकाला विचारूनच फोन नंबर लिहा. वही गटाच्या पेटीत राहू द्या, व्यापाऱ्याला देऊ नका.

दुसरी, उद्यम नोंदणी करून घ्या. तिला पैसे लागत नाहीत. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत. म्हणून ऑर्डर तोंडी घेऊ नका. नग किती, भाव काय, पैसे कधी, खराब माल कुणाच्या अंगावर, हे कागदावर घ्या.

तिसरी, नाव चालायला लागलं असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी करा. लहान उद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. एकदा नोंदणी झाली की दहा वर्षं टिकते, पुढं वाढवता येते. आज हा खर्च जड वाटत असेल तर बचतीतून वर्षभर बाजूला टाका.

चौथी, सगळा माल एकाच दारात घालू नका. व्यापाऱ्याला द्या, पण आठवडी बाजार सोडू नका, प्रदर्शनाला जायचं सोडू नका.

बैठक उठताना आजी म्हणाल्या, "म्हंजे दूध विकावं, म्हैस इकू नये." मी इतका वेळ जे सांगत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आणि मैत्रिणींनो, कधी म्हैस विकायची वेळ आलीच, तर आधी ती किती दूध देते ते स्वतः मोजा. घेणारा ते मोजूनच आलेला असतो.