चाकांवरचे घर

‘कारवाँ’ हा शब्द आपल्याला हिंदी गाण्यांमुळे ओळखीचा आहे. उंटांचा तांडा, वाळवंट, व्यापारी असे काहीतरी त्याबरोबर डोळ्यांसमोर येते. हाच मूळचा फारसी शब्द युरोपातून फिरत फिरत इंग्लंडात पोचला आणि तिथे त्याचा अर्थ पार बदलला. आज तिथे ‘कॅरॅव्हॅन’ म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायची चाकांवरची खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते. मुक्कामावर पोचले की ती सोडून उभी करायची, मग मोटार मोकळी. बहुतेक लोक ती सुटीपुरती वापरतात. पण काही माणसे बारा महिने तिच्यातच संसार करतात. काहींना भटकण्याची हौस असते, तर काहींना घरभाडे परवडत नाही. हा संसार कसा चालतो आणि त्यात खरोखर किती वाचते, ते या लेखात पाहू.

थोडा इतिहास आधी सांगितला पाहिजे. ब्रिटनमध्ये चाकांवर राहण्याची रीत घालून दिली ती मुख्यतः जिप्सींनी, म्हणजे रोमानी लोकांनी. पूर्वी ते तंबूत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते घोड्यांनी ओढायच्या लाकडी गाड्यांत राहू लागले. या गाडीला ते ‘वार्डो’ म्हणतात. या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी उत्तर भारतातून गेले, हे भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या भाषेवरून सिद्ध केले आहे. रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मानुश’ म्हणतात. मराठी वाचकाला यासाठी शब्दकोश उघडण्याची गरजच नाही!

पुढे १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून केवळ सहलीसाठी दोन घोड्यांची एक ऐटबाज गाडी करवून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’. १९०७ साली अशा हौशी लोकांचा क्लब निघाला आणि १९१९ पासून मोटारीने ओढायच्या कॅरॅव्हॅन तयार होऊ लागल्या. गरिबाची गरज ती श्रीमंताची हौस झाली, आणि आज शंभर वर्षांनी तीच वस्तू जुनी होऊन स्वस्तात विकली जाते, तेव्हा पुन्हा कुणा गरिबाची गरज बनते.

आता प्रत्यक्ष राहण्याकडे वळू. पहिला प्रश्न वजनाचा. प्रत्येक कॅरॅव्हॅनवर कमाल वजन नोंदलेले असते. रिकाम्या गाडीचे वजन त्यातून वजा केले की सामानासाठी पुष्कळदा दीडशे किलोंच्या आसपासच वाव उरतो. त्यात कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, धान्य, पुस्तके, सगळे आले. शिवाय जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्या लागतात. मागच्या टोकाला ओझे झाले तर वेगात गाडीचे शेपूट डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागते आणि पुढच्या मोटारीलाही उलटवू शकते. म्हणून तिथे मोटारमार्गावरसुद्धा कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला ताशी ६० मैलांचीच मर्यादा आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सर्वसाधारणपणे ४० लिटरचे एक गोल पिंप असते. ते नळावर भरून जमिनीवरून लोळवत आणायचे आणि लहानशा पंपाने पाणी आत घ्यायचे. सांडपाणी वेगळ्या डब्यात साठते. संडासाची पेटी सुमारे वीस लिटरची असते. ती दर दोन-तीन दिवसांनी नेमून दिलेल्या जागी स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागते. दोन माणसांना चाळीस लिटर म्हणजे अंघोळ बेतानेच.

तिसरा प्रश्न विजेचा. मुक्कामाच्या तळावर जाड वायरने वीज घेता येते. पण ती बहुधा १० किंवा १६ अँपिअरपुरतीच. दाब २३० व्होल्ट धरला तर दहा अँपिअरला २३०० वॉट होतात. दोन हजार वॉटची चहाची किटली आणि हजार वॉटची शेगडी एकाच वेळी लावली की वीज गेलीच! तळ नसेल तेव्हा भिस्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये असा नियम आहे. म्हणजे हाती उरले ५० गुणिले १२, अर्थात ६०० वॉट-तास. तेवढ्यावर दिवे आणि पाण्याचा पंप आरामात चालतात. पण किटली लावली तर अठरा मिनिटांत संपले. छपरावर सौर पट्टी लावता येते. मात्र डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही.

चौथा प्रश्न उबेचा, आणि हाच सर्वांत कठीण. गॅस दोन प्रकारचा मिळतो, ब्यूटेन आणि प्रोपेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होण्याचे थांबते. म्हणजे ज्या रात्री ऊब सर्वांत जास्त हवी त्याच रात्री सिलिंडर भरलेले असून शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देतो, म्हणून थंडीत तोच घ्यावा लागतो. पातळ भिंतींतून ऊब निघून जाते आणि गॅसचा खर्च वाढतो. त्यात भर ओलीची. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. स्वयंपाकाच्या शेगडीची ही वाफ, तसेच श्वासाची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ गार भिंतीवर पाणी होऊन उतरते. गाद्यांखाली बुरशी धरते, लाकडी सांगाडा आतून कुजतो. ओल टाळायची तर हवा खेळती ठेवली पाहिजे, आणि हवा खेळती ठेवली की ऊब जाते. काही जण थंडीला कंटाळून हवेची भोके चिंध्यांनी बुजवतात. हे प्राणघातक आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र आत असणे अत्यावश्यक मानतात.

आता कोणी म्हणेल, कष्ट असले तरी पैसा वाचतो ना? घरभाडे वाचते हे खरे. पण तळाचे भाडे, गॅस, मोटारीचे पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती हे खर्च त्या जागी येतात. शिवाय खरी अडचण कायद्याची आहे. १९६०च्या कायद्याने कॅरॅव्हॅन उभ्या करण्याच्या जागेला परवाना लागतो. बहुतेक तळांचे परवाने सुटीच्या मुक्कामापुरतेच असतात. तिथे कायमचे घर करता येत नाही. क्लबांच्या मान्यतेने चालणारे पाच गाड्यांचे छोटे तळ स्वस्त असतात. पण तिथेही २८ दिवसांनी उठावे लागते. म्हणजे ज्याला स्वस्तात एका जागी राहायचे आहे, त्यालाच सतत फिरत राहावे लागते, आणि प्रत्येक वेळी उठायचे म्हणजे पुन्हा पेट्रोल आले.

आणि मग पत्ता. बँक पत्ता मागते, मोटारीचा विमा पत्ता मागतो, आणि कॅरॅव्हॅनच्या पुष्कळ विम्यांत तर कायम राहणाऱ्याला संरक्षणच नसते. मतदार यादीत मात्र ‘या गावाशी माझा संबंध आहे’ असे लिहून देऊन नाव घालता येते आणि डॉक्टरकडे नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. ही सोय घेण्यासारखी आहे.

रोमानी आणि इतर भटक्यांसाठी १९६८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर तळ पुरवण्याची जबाबदारी टाकली होती. १९९४ साली ती काढून घेतली. २०२२च्या कायद्याने तर परवानगीशिवाय वाहनासह मुक्काम करणे आणि नुकसान वा त्रास होतो असे सांगूनही न हलणे हा गुन्हा ठरवला. त्यात वाहन, म्हणजे त्या माणसाचे घरच, जप्त करता येते. ज्या राज्यकर्त्यांनी १८७१ साली आपल्याकडच्या भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, त्यांच्याच देशातली ही गोष्ट. आपल्याकडे तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण बैलगाडीवर संसार घालून गावोगाव विळे-खुरपी करणाऱ्या घिसाड्यांकडे पाहण्याची गावाची नजर अजून पुरती निवळलेली नाही.

हा विषय मी का निवडला, ते सांगतो. माझे आईवडील ऊस तोडायला जातात. दिवाळीच्या सुमारास गाडीत भांडी, अंथरुणे, पीठमीठ आणि कोंबड्यांचे खुराडे भरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मधले महिने कारखान्याजवळच्या कोपीत. गाडीत काय न्यायचे आणि काय ठेवायचे, पाणी कुठून आणायचे, ओल कशी टाळायची, हे हिशोब आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आले आहेत. रेशनकार्ड गावी आणि माणसे दोनशे मैलांवर, हेही आम्ही भोगले आहे. २०१९ पासून एका गावचे रेशन दुसरीकडे घेण्याची सोय होऊ लागली. ती कोपीपर्यंत पुरती पोचली तर धान्याचा प्रश्न सुटेल. शाळेचा प्रश्न तरीही उरतोच. आजी गावी राहिली म्हणून मी शिकलो. ज्यांच्या घरी मागे राहणारे कोणी नव्हते, ती माझ्या वर्गातली मुले गाडीबरोबर गेली आणि पुढच्या इयत्तेत दिसली नाहीत.

म्हणून चाकांवर राहणे चांगले की वाईट, असा प्रश्न मला पडत नाही. डॉक्टर स्टेबल्स ‘वाँडरर’मधून फिरले, तेव्हा परतायला त्यांचे घर होते. ज्याला असे घर नाही त्याला निदान थांबायला जागा, मुलांना शाळा आणि पत्र येईल असा पत्ता मिळतो की नाही, हे पाहिले पाहिजे. ते मिळाले तर दीडशे किलोंतही संसार बसतो. आमचा बसतोच आहे.