एकट्याने चालावं, एकट्याने झोपू नये

हिमालयातल्या एखाद्या दुर्गम तळ्यापर्यंत पाठीवर सॅक टाकून एकट्यानंच जायचं, असं कुणी जाहीर केलं की घरात लगेच दोन तट पडतात. एकाला ते धाडस वाटतं, दुसऱ्याला वेडेपणा. दोन्ही तटांचं गृहीत मात्र एकच असतं, ते म्हणजे धोका एकटेपणात आहे. हे गृहीत तपासून पाहिलं पाहिजे, कारण त्यावरून माणसं चुकीचे निष्कर्ष काढतात. गट मिळाला की सुरक्षित झालो असं समजून चार दिवसांच्या सुट्टीत चार हजार मीटर गाठायला निघतात. माझं म्हणणं असं आहे की, उंचावरच्या तळ्याकडे जाताना माणूस अडचणीत येतो तो मुख्यतः घाईमुळे, आणि एकटेपणा त्या घाईची किंमत वाढवतो. घाई काढून टाकता आली, तर एकट्यानं चालणं विवेकी माणसालाही शोभणारं आहे. अट एकच: चालणं एकट्याचं असलं, तरी रात्रीचा मुक्काम माणसांच्या हाकेच्या टप्प्यात हवा. हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पीती जिल्ह्यातलं चंद्रताल समोर ठेवून बोलतो.

चंद्रताल सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. कुंझुम खिंडीच्या अलीकडे, चंद्रा नदीच्या खोऱ्यात, समुद्र टापू नावाच्या पठारावर हे तळं पसरलं आहे. त्याला येऊन मिळणारा मोठा ओढा दिसत नाही, पाणी जमिनीखालच्या झऱ्यांतून येतं. बाहेर पडणारा प्रवाह मात्र स्पष्ट दिसतो आणि तो चंद्रेला मिळतो. बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावलेल्या चंद्रा आणि भागा या दोन नद्या पुढे तांदी इथे एकत्र येतात आणि चिनाब होऊन वाहतात. युधिष्ठिराला इंद्राचा रथ इथूनच घेऊन गेला, अशी कथा या भागात सांगतात. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप या पठारांवर आणतात. हिमबिबट्या, आयबेक्स आणि भरल यांचा हा मुलूख. २००५ मध्ये या तळ्याला रामसर करारातल्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. शिखरावर जायला तंत्र लागतं, दोर लागतो, म्हणून तिथे निघालेला माणूस मुळातच सावध असतो. तळ्याकडे जायला नुसते पाय पुरतात. चंद्रतालपर्यंत तर गाडीरस्ता जवळजवळ पोचला आहे; वाहनतळापासून काठ जेमतेम किलोमीटरभर. हा सोपेपणाच फसवा आहे.

मनाली साधारण २,००० मीटरवर आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ टळला. बोगद्यातून बाहेर पडून कोकसर, ग्रांफू, छत्रू, बातल असं करत सकाळी मनालीहून निघालेली गाडी संध्याकाळी चंद्रतालजवळच्या तंबूंपाशी उभी राहते. म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक वाढली. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला असा आहे की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. चंद्रतालला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि तिथे हा दाब ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. त्यामुळे सह्याद्रीत कमावलेला दम हिमालयात पायांना उपयोगी पडतो, पण विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारे दिवस त्यानं कमी होत नाहीत. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि लवकर आजारी पडतो. ॲसिटाझोलामाइडसारखं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतं. ते शरीराला मदत करतं, वगळलेले मुक्काम भरून काढत नाही.

आता दुसरी वाट पाहू. सिमल्याहून सतलजच्या कडेनं किन्नौरमध्ये शिरायचं. कल्पा साधारण २,९०० मीटरवर, ताबो ३,३०० च्या आसपास, काझा ३,७०० च्या आसपास, लोसर ४,१०० च्या जवळ आणि मग कुंझुम ओलांडून चंद्रताल. प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा फार तर चारेकशे मीटरनं वर, म्हणजे वैद्यकानं आखून दिलेल्या मर्यादेच्या आत. मध्ये काझाला एक दिवस जास्तीचा काढला, की शरीराला सवड मिळते. या वाटेला सरकारी बस आहे, गावोगावी घरगुती मुक्काम मिळतो, आणि शेवटचा टप्पा पायी करता येतो. कुंझुमहून तळ्याकडे उतरत जाणारी पायवाट साधारण आठ-नऊ किलोमीटरची आहे, बातलहून रस्त्यानं सुमारे चौदा किलोमीटर. अडचण एवढीच की या वाटेला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि तेवढे दिवस दहा जणांच्या गटाला एकदम मिळणं अवघड. गटाच्या सहलीचा आराखडा सर्वांच्या रजेवर आणि परतीच्या तिकिटावर बेतलेला असतो. त्यात कुणाचं डोकं दुखू लागलं, तर बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून तो गप्प बसतो. एकट्याला कुणासाठी गप्प बसावं लागत नाही. लोसरला सकाळी जेवणाची वासना नसेल, तर त्याला तिथेच आणखी एक दिवस पडून राहता येतं. आपल्या शरीराच्या चालीनं चालण्याची ही मोकळीक हेच एकट्याचं खरं बळ. ज्याच्याकडे तेवढे दिवस नाहीत, त्यानं हे बळ आधीच गमावलेलं असतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वैद्यकातूनच येतो. विरळ हवेचा आजार बळावून मेंदूला सूज येऊ लागली, की सर्वांत आधी जाते ती विचार करण्याची ताकद. ज्याला खाली उतरायला हवं, त्यालाच आपण ठणठणीत आहोत असं वाटतं. सोबत कुणी असेल तर त्याचं अडखळणं, असंबद्ध बोलणं लक्षात येईल. एकट्याचं कोण पाहणार? हा आक्षेप खरा आहे, आणि निर्धार किंवा अनुभव हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. पहिला भाग असा की, निर्णय खाली असतानाच, डोकं शाबूत असताना घ्यायचे आणि लिहून ठेवायचे. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जायचं नाही. विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, किंवा मागच्या पावलाच्या अंगठ्याला पुढच्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, तर त्याच क्षणी खाली उतरायला लागायचं. ही पावलांची चाचणी डॉक्टरही करून घेतात. ती एकट्याला तंबूबाहेरच्या सपाट जमिनीवर रोज सकाळ-संध्याकाळ करता येते. वर पोचल्यावर या अटींवर पुनर्विचार करायचा नाही, कारण तो करणारं डोकंच तेव्हा भरवशाचं नसतं.

दुसरा भाग मुक्कामाचा. फुप्फुसांत पाणी साठण्याचा आजार बहुधा रात्री बळावतो. संध्याकाळी नुसता खोकणारा माणूस पहाटेपर्यंत गंभीर होऊ शकतो. म्हणून दिवसभर एकट्यानं चालणं आणि रात्री एकट्यानं झोपणं या दोन निराळ्या गोष्टी मानायला हव्यात. चंद्रतालच्या बाबतीत नियमच हे काम सोपं करतो. काठावर तंबू लावायला मनाई आहे. तंबूंच्या वस्तीला जागा दिली आहे ती तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे. मोसमात तिथे माणसं असतात, गाडी असते. तिथे आपला तंबू लावायचा, शेजारच्याला सांगायचं की सकाळी सातपर्यंत मी बाहेर आलो नाही तर हाक मारा. हे सांगायला कमीपणा वाटायचं कारण नाही. एकांत हवा असेल तर तो पहाटे तळ्याच्या काठावरून फेरी मारताना भरपूर मिळतो. त्यासाठी निर्मनुष्य जागी रात्र काढायची गरज नाही.

पण मग माणसांच्या गर्दीत सुरक्षितता आहे, असं यातून कुणी म्हणेल. तेही पूर्ण खरं नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात अतिवृष्टी झाली, चंद्रतालच्या बाजूला बर्फ पडलं आणि रस्ते बंद होऊन तिथे जवळजवळ ३०० माणसं अडकली. आजारी असलेल्या काहींना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं काढलं. बाकीच्यांसाठी कुंझुमच्या बाजूनं बर्फ हटवत रस्ता मोकळा करावा लागला. त्यात प्रशासन होतं, सीमा सडक संघटना होती आणि लोसरसारख्या गावांतली माणसं होती. सप्टेंबर २०१८ मध्येही अवेळी हिमवर्षाव होऊन लाहौल-स्पीतीत अनेक जण अडकले होते. अडकलेल्या ३०० जणांना एकमेकांची सोबत होती, पण रस्ता एकच होता आणि तो बंद होता. अशा वेळी तारून नेतात ते हाताशी राखलेले जादा दिवस, जादा शिधा आणि शून्याखालच्या रात्रीत ऊब देणारी स्लीपिंग बॅग. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं असलेला माणूस बंद रस्त्यावरून निघण्याचा धोका पत्करतो. तीन दिवस राखून ठेवलेला माणूस बातलच्या ढाब्यात निवांत बसून राहतो.

एकट्यानं कुठे जाऊच नये, तेही स्पष्ट सांगायला हवं. चंद्रतालला येण्याची एक जुनी पायवाट बारालाचा खिंडीकडून येते, तीन-चार दिवसांची. खिंड जवळजवळ ४,९०० मीटरची आणि वाटेत टोक्पो योंगमा, टोक्पो गोंगमा असे हिमनद्यांच्या पाण्यावर वाहणारे नाले. असा नाला सकाळी आणि दुपारी वेगवेगळा असतो. पहाटे वरचं बर्फ गोठलेलं असल्यानं पाणी घोट्याला लागतं. ऊन चढून बर्फ वितळलं, की तेच पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं, गढूळ होतं, आणि तळाशी दगड सरकत असल्याचा आवाज ऐकू येतो. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवतात, म्हणजे पडलं तर ओझं चटकन टाकता येतं. तोंड प्रवाहाकडे करून, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाऊल उचलतात. गट असेल तर माणसं एकमेकांना धरून सरकतात. एकट्याला धरायला कुणी नाही आणि वाहून गेला तर पाहायलाही कुणी नाही. ही वाट स्थानिक वाटाड्याबरोबरच करावी. कुंझुम किंवा बातलकडून येणं आणि बारालाचाकडून येणं यांतला फरक ओळखता येणं, हीच एकट्याच्या लायकीची पहिली कसोटी.

इथे पुढचा प्रश्न येतो: मग सरसकट बंदीच का नको? नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना बहुतेक मार्गांवर वाटाड्या सक्तीचा केला. त्यामागे हरवलेल्यांचा शोध घेण्याचा ताण होता आणि स्थानिकांच्या रोजगाराचाही विचार होता. दोन्ही कारणं रास्त आहेत. तरीही सरसकट सक्तीनं सोपी वाट आणि अवघड वाट यांतला फरक पुसला जातो, आणि वाटाड्या आहे म्हणून मुक्काम गाळणाऱ्यांना अभय मिळतं. पाच दिवसांची वाट दोन दिवसांत उरकणाऱ्याला वाटाड्याही वाचवू शकत नाही. बंदीपेक्षा उपयोगी पडेल ती नोंद: कोण, कुठून, कधी निघाला आणि केव्हा परत येणार, याची. ग्रांफू ते लोसर या पट्ट्यात मोबाइलवर विसंबता येत नाही. इतर देशांत एकटे चालणारे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ बाळगतात. भारतात अशी यंत्रं आणि उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे आणि त्यापायी गोव्यासह काही विमानतळांवर परदेशी पर्यटकांना अडवलंही गेलं आहे. म्हणून आपल्याकडे कागद आणि माणूस हीच संपर्काची साधनं. घरच्यांकडे रोजच्या मुक्कामांची यादी, काझा किंवा बातलला ज्याच्याकडे उतरलो त्याच्याकडे परतीची तारीख, आणि किती दिवस वाट पाहून शोध सुरू करायचा याचा स्पष्ट आकडा. बचावाला येणारी माणसं आपला जीव धोक्यात घालतात. त्यांना निदान कुठे शोधायचं ते ठाऊक असावं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

शेवटचा आक्षेप तळ्याच्या वतीनं. जायचं तरी कशाला? उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण तंबूंखाली गवत मरत होतं. चंद्रतालच्या रामसर नोंदीतही पदयात्रींच्या कचऱ्याचा उल्लेख आहे. थंड, विरळ हवेत कचरा कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. एकट्याचा भार गटापेक्षा हलका असतो, पण आपोआप नाही. सुमारे ८६ अंशांवर पाणी उकळणाऱ्या त्या उंचीवर भात शिजवायला दुप्पट इंधन जाळण्यापेक्षा सत्तू, पोहे, सुकामेवा न्यावा, म्हणजे पाठीवरचं ओझं कमी होतं आणि मागे राहणारी घाणही. जे नेलं ते सगळं परत आणायचं, तळ्याच्या पाण्यात साबण लावायचा नाही आणि नियमानं दिलेल्या जागेबाहेर तंबू लावायचा नाही.

तेव्हा एकट्यानं जावं की नाही, हा प्रश्न धैर्याचा नाही, कॅलेंडरचा आहे. हाताशी चार दिवस असतील, तर एकट्यानं किंवा गटानं, चंद्रतालला मुक्कामाला जाऊच नये. तेवढ्या दिवसांत तीन हजार मीटरच्या आतल्या पुष्कळ सुंदर जागा पाहून होतात. बारा-चौदा दिवस असतील, किन्नौरची लांबची वाट मान्य असेल, मागे फिरण्याच्या अटी लिहून ठेवल्या असतील आणि रोज संध्याकाळी कुणाला तरी आपलं नाव सांगायची तयारी असेल, तर घरच्यांनी एकटेपणाच्या भीतीपोटी अडवू नये. त्यांनी मुक्कामांची यादी मागावी आणि त्यात जादा दिवस किती राखले आहेत ते मोजावेत. तीनपेक्षा कमी निघाले, तर तिकीट बदलायला लावावं.