कांद्याची सड ओळखणारा पापुद्रा



आपल्या जिल्ह्यात पारनेर, राहुरी, श्रीगोंद्याकडे रब्बीचा कांदा चाळीत भरला, की पावसाळ्यात घोर लागतो तो सडीचा. ढीग वरून चांगला दिसतो. मधे चार कांदे पाघळले, की शेजारचेही धरतात. आपल्या नाकाला वास येईतो बरेच नुकसान झालेले असते. हा वास आधीच ओळखता येईल काय? शास्त्रज्ञ त्या मागे आहेत.

प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तारेवर त्याचे वेष्टण असते. पण काही खास प्लॅस्टिकमधून वीज वाहते. या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्लॅस्टिकला अमोनियासारखा वायू लागला, की त्यातली वीज कमी-जास्त होते. तो फरक मोजला, की वायू आहे हे कळते.

यासाठी प्लॅस्टिकचा केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा करतात आणि त्याला बारीक छिद्रे ठेवतात. छिद्रे कशाला? आपली चाळच बघा. फटी असल्या तर हवा आतवर खेळते, बंद खोलीत ती अडते. तसेच छिद्रांतून वायू आत शिरतो आणि थोडासा असला तरी लवकर कळतो.

छिद्रे पाडण्याची एक रीत अशी : पातळ केलेल्या प्लॅस्टिकमध्ये दुसरा पदार्थ मिसळतात, काचेवर पसरून वाळवतात, मग तो दुसरा पदार्थ धुऊन काढतात. मेणात कालवलेले मीठ पाण्यात विरघळून जावे, तशी जागा रिकामी राहते.

अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात कांद्याची सड वासावरून ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत. पण अडचणीही आहेत. दमट हवेने असे पापुद्रे फसू शकतात, आणि चांगल्या कांद्यालाही वास असतोच. म्हणून असे यंत्र कोणी विकायला आणले, तर पैसे देण्याआधी भर पावसाळ्यात आपल्याच चाळीत चांगला व सडका कांदा ठेवून फरक दाखवायला सांगा.

तोपर्यंत हे करा :

१) कांदा नीट सुकवूनच भरा. मान एक ते दीड इंच ठेवा.
२) चिंगळी, जोड व इजा झालेला कांदा वेगळा काढा.
३) ढीग चार-पाच फुटांहून उंच नको. खालून हवा येऊ द्या.
४) पावसाळ्यात चाळ वरचेवर तपासा. सडका कांदा दिसताच बाहेर काढा.

शंका असल्यास आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारा.