परक्या शाळेत

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात कडा हे गाव आहे. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाची राजभाषा उर्दू होती. त्यामुळे घरी, शेतात व बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात गेल्यावर इतिहास, भूगोल व गणित हे विषय उर्दूतून शिकावे लागत. आपला मुलूख न सोडताही, शाळेचा उंबरठा ओलांडला की त्याची मातृभाषा बाहेर राही. परक्या भाषेतील शाळा म्हणजे काय, हे मराठवाड्यातील कित्येक मुलांनी अशा प्रकारे आपल्याच भूमीवर अनुभवले.

मग जो विद्यार्थी देशच सोडून दूरच्या शाळेत जातो, त्याची स्थिती कशी होत असेल? एका देशातील मुलांनी दुसऱ्या देशातील कुटुंबात काही महिने राहून तेथील शाळेत शिकावे व तेथील मुलांनी इकडे यावे, या पद्धतीस विद्यार्थी-विनिमय असे म्हणतात. महायुद्धांत जखमी सैनिकांना वाहून नेण्याचे काम करणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या स्वयंसेवकांच्या संस्थेने १९४७ साली माध्यमिक शाळेतील मुलांसाठी असा उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतील मुले लहानपणी एकमेकांच्या घरी राहिली, तर मोठेपणी त्यांच्यात वैर उत्पन्न होणार नाही, हा त्यामागील हेतू होता.

हेतू थोर असला, तरी मार्ग सोपा नसतो. पहिली अडचण भाषेची. परभाषेतील वाक्य कानी पडताच नवखा विद्यार्थी मनातल्या मनात त्याचा अर्थ आपल्या भाषेत लावू लागतो; तो लागेपर्यंत शिक्षक दोन वाक्ये पुढे गेलेले असतात. दिवसभर असे चालले, की डोके शिणून जाते. उत्तर ठाऊक असूनही शब्द न सापडल्यामुळे तो गप्प बसतो, आणि वर्गातील मुले त्याला मंद समजतात. वास्तविक त्याचे ज्ञान कमी झालेले नसते. ते केवळ दुसऱ्या भाषेच्या कुलपात बंद असते.

दुसरी अडचण रीतिरिवाजांची. आपल्याकडे गुरुजींपुढे शांत बसणे हा आदर समजला जातो; अमेरिकेतील वर्गात मात्र जो काहीच विचारत नाही, त्याचे लक्ष नाही असे वाटण्याचा संभव असतो. तेथे तासाची घंटा झाली, की शिक्षक नव्हे, तर विद्यार्थीच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. अन्न निराळे, हवा निराळी, घड्याळही निराळे. हिवाळ्यात अमेरिकेतील बोस्टन शहरी सकाळी आठ वाजता मुले शाळेत निघतात, तेव्हा कड्यात सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि चुलीवर भाकरी भाजली जात असते. अशा वेळी त्या भाकरीची आठवण होऊन मुलाचा कंठ दाटून आला, तर त्यात नवल नाही.

कॅलर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९६० साली या मनःस्थितीचे विवेचन केले. प्रथम सर्व काही नवलाचे वाटते. पुढे तेच नकोसे होते व मन घराकडे ओढ घेते. नंतर हळूहळू भाषा व रीती उमगू लागतात. अखेरीस माणूस तेथे रुळतो. मधली उदासी हा दुबळेपणा नसून वाटेतील एक टप्पा आहे, हे ज्याला कळते, त्याला धीर धरणे सोपे जाते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे बालपण असेच परमुलखात गेले. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे मोठे पंडित होते. १९१८ साली हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. दामोदर केंब्रिज या गावच्या शाळेत जाऊ लागला. तो तेथील बालवीर पथकातही सामील झाला. शाळेच्या बाकावर जे शिकता येत नाही, ते सवंगड्यांच्या संगतीत शिकता येते. १९२२ साली वडील स्वदेशी परतले. दामोदर मात्र शालेय शिक्षण पुरे करण्यासाठी मागे राहिला. त्या वेळी तो अवघा पंधरा वर्षांचा होता. शेवटच्या परीक्षेत त्याने असे यश मिळविले, की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला माफ झाली. १९२९ साली त्याने तेथील पदवी सर्वोच्च सन्मानासह मिळविली.

पुढे कोसंबी भारतात परतले आणि गणिताचे व इतिहासाचे विख्यात अभ्यासक झाले. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांतून पायी हिंडावे, धनगरांशी व खेडुतांशी बोलावे, त्यांच्या देवस्थानांची माहिती घ्यावी आणि त्यातून प्राचीन इतिहासाचे धागे शोधावेत, अशी त्यांची रीत होती. परकी शाळा त्यांनी आपलीशी केली, पण त्यामुळे आपली माणसे त्यांना परकी झाली नाहीत.

नवखा विद्यार्थी नेहमी समुद्रापलीकडूनच येतो असे नाही. बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांची मुले कधी अनोळखी शाळेत बसतात, तर कधी बुडालेला अभ्यास उरावर घेऊन आपल्याच शाळेत परततात. भाषा तीच असली, तरी वर्ग परका वाटतो. अशा मुलाला बाकावर सरकून जागा दिली, चुकलेला धडा समजावून सांगितला आणि त्याच्या गावची हकिकत आवडीने ऐकली, तर त्याचा परकेपणा लवकर सरतो. नव्या शाळेत रुळण्यासाठी येणाऱ्याला धीर लागतो. आधीपासून तेथे असणाऱ्यांनी मात्र आपणहून एक पाऊल पुढे यावे लागते.