इथला सुपरस्टार, तिथला कोण?

ऑगस्ट २००३. इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावर रॉबी विल्यम्स सलग तीन दिवस गायला आणि तिन्ही दिवस मिळून पावणेचार लाख लोकांनी त्याला ऐकलं. आदल्याच वर्षी ईएमआय कंपनीने त्याच्याशी केलेला करार आठ कोटी पौंडांचा असल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. पुढे त्याच्या जागतिक दौऱ्याची सोळा लाख तिकिटं एका दिवसात खपली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच काळात हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये राहत होता आणि तिथल्या रस्त्यांवरून निवांत हिंडत होता. अमेरिकेत त्याला फारसं कुणी ओळखतच नव्हतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९९९ मध्ये त्याच्या पहिल्या दोन अल्बममधली गाणी निवडून खास अमेरिकेसाठी ‘द इगो हॅज लँडेड’ हा अल्बम काढण्यात आला. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या शंभर गाण्यांच्या यादीत ‘मिलेनियम’ ७२व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि ‘एंजल्स’ ५३व्या. ब्रिटनमध्ये ‘मिलेनियम’ पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं तेच, गळा तोच, भाषाही तीच. मग अडलं कुठे?

आधी ब्रिटनकडे पाहू. देश आटोपशीर, आणि त्या काळी तिथे बीबीसीचं रेडिओ १ आणि ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम यांनी एखादं गाणं उचलून धरलं की आठवड्याभरात ते घरोघरी पोचायचं. उरलेलं काम टॅब्लॉइड वर्तमानपत्रं करायची. ‘टेक दॅट’ या पोरांच्या बँडमधला खोडकर रॉबी, १९९५ मध्ये त्याचं बाहेर पडणं, दारू आणि ड्रग्जचे दिवस, जुन्या साथीदारांशी भांडणं हे सगळं लोकांनी चवीने वाचलेलं होतं. त्यामुळे तो स्वतःचीच टिंगल करत गायला लागला की समोरच्या गर्दीला मागची गोष्ट पाठ असायची. ‘मिलेनियम’च्या व्हिडिओत त्याने जेम्स बाँडची नक्कल केली. ब्रिटिशांना त्यात आपला वाया गेलेला पण लाडका पोरगा दिसला. अमेरिकनांना दिसला कोट घातलेला एक अनोळखी इसम.

अमेरिकेची रचनाच निराळी. तिथे खासगी रेडिओ स्टेशनं हजारोंनी, आणि प्रत्येकाचा संगीताचा प्रकार ठरलेला. रॉकचं स्टेशन वेगळं, कंट्रीचं वेगळं, किशोरवयीनांच्या पॉपचं वेगळं, मध्यमवयीनांसाठीच्या मवाळ गाण्यांचं वेगळं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मालकीवरच्या मर्यादा सैल केल्या आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक स्टेशनं आली. कोणतं गाणं वाजणार हे ठरवणारी माणसं त्यामुळे आणखी कमी झाली. रॉबी रॉकवाल्यांना गुळमट वाटायचा आणि पोरांच्या पॉपसाठी तो थोराड होता. शिवाय ती जागा बॅकस्ट्रीट बॉईज, एनसिंक आणि ब्रिटनी स्पिअर्स या घरच्याच मंडळींनी अडवलेली होती.

गंमत म्हणजे ज्या टेक दॅटमधून तो बाहेर पडला, त्यांचं ‘बॅक फॉर गुड’ हे गाणं १९९५ मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. त्यानंतर तिथे त्या बँडचंही नाव फारसं ऐकू आलं नाही. सुटं गाणं एखाद वेळी सीमा ओलांडून जातं. गायकाला तिथे मुक्काम करायचा असेल तर त्याची ओळख नव्याने रुजवावी लागते, आणि त्या बाजारात तशा माणसासाठी जागा रिकामी असावी लागते.

भाषेचा अडसर मोठा असतो, असं सर्रास म्हटलं जातं. पण १९६३ मध्ये जपानच्या क्यू साकामोतोचं ‘सुकियाकी’ हे संपूर्ण जपानी गाणं अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. उलट हिकारू उतादा ही न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, अस्खलित इंग्रजी बोलणारी गायिका. तिचा १९९९ चा ‘फर्स्ट लव्ह’ हा जपानमधला आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम. २००४ मध्ये तिने अमेरिकेसाठी ‘एक्सोडस’ हा इंग्रजी अल्बम काढला आणि तिथल्या पहिल्या शंभर अल्बममध्येही त्याला जागा मिळाली नाही.

भाषेपेक्षा संदर्भाची अडचण मोठी असते. क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. १९८४ मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत बँडमधले चौघेही बायकांचे कपडे घालून घरकाम करताना दिसले. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या लोकप्रिय ब्रिटिश मालिकेची ती टवाळी होती. तिथले प्रेक्षक खदाखदा हसले आणि गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत ती मालिका कुणाला ठाऊक? तिथे पुरुषांनी बायकांचे कपडे घातले एवढंच दिसलं, व्हिडिओ फारसा दाखवला गेला नाही आणि गाणं ४५व्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. दक्षिण अमेरिकेत याच गाण्याला लोकांनी स्वातंत्र्यगीताचा मान दिला. जानेवारी १९८५ मध्ये ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात क्वीन अफाट गर्दीसमोर गायले. अमेरिकेचा दौरा मात्र १९८२ नंतर फ्रेडीने कधीच केला नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ वाजलं आणि सोळा वर्षांपूर्वी अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं ते गाणं थेट दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

याच्या अगदी उलटी कहाणी डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिगेझची. १९७० आणि १९७१ मध्ये त्याचे दोन अल्बम आले. अमेरिकेत त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, कंपनीने त्याला सोडून दिलं आणि तो पाडकामाची, घरदुरुस्तीची मजुरी करू लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत ‘कोल्ड फॅक्ट’ हा त्याचा पहिला अल्बम हातोहात फिरत होता. वर्णभेदी राजवटीत जगापासून तुटलेल्या त्या देशात १९७६ पर्यंत टीव्हीसुद्धा नव्हता. सत्तेला तोंडावर सुनावणारी गाणी तिथल्या गोऱ्या तरुणांना हवी होती, आणि तशी गाणी लिहिणारं घरचं कुणी सहजासहजी रेडिओवर येऊ शकत नव्हतं. रॉड्रिगेझने मंचावरच जीव दिला, अशा अफवाही पसरल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चाहत्यांनी त्याला डेट्रॉइटमध्ये शोधून काढलं आणि १९९८ मध्ये तो केपटाउनला गायला, तेव्हा लोकांनी सभागृह भरून टाकलं. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाने ही हकिगत जगापुढे आणली आणि २०१३ मध्ये ऑस्कर मिळवलं. ऑस्ट्रेलियातही रॉड्रिगेझचे चाहते होते आणि १९७९ मध्ये त्याने तिथे दौरा केला होता. तो भाग माहितीपटाने गाळला.

भारतीयांना जवळचं उदाहरण बोनी एमचं. पश्चिम जर्मनीतल्या फ्रँक फारियन या निर्मात्याने कॅरिबियन कलाकार जमवून हा चमू उभा केला. मंचावर नाचायचा बॉबी फॅरेल, पण रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज फारियनचा स्वतःचा. १९७८ मध्ये ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं राहिलं. डिसेंबरात हा चमू मॉस्कोत जाऊन गायला, आणि ‘रास्पुतिन’ हे गाणं तिथे गाळावं लागलं. भारतात त्यांच्या कॅसेट लग्नाच्या वरातीपासून गॅदरिंगपर्यंत वाजल्या. फारियननेच निर्मिती केलेल्या इरप्शन बँडच्या ‘वन वे टिकेट’ची चाल बप्पी लाहिरींनी १९८० च्या ‘प्यारा दुश्मन’मध्ये ‘हरी ओम हरी’साठी उचलली. सोपी इंग्रजी, ठसठशीत ठेका आणि लगेच गुणगुणता येईल अशी चाल, इंग्रजी परकी असलेल्या श्रोत्याला यापेक्षा काय हवं? अमेरिकेत मात्र तेव्हा ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ आणि बी जीजचा डिस्को भरात होता. बोनी एमची तिथली मजल तिसाव्या क्रमांकापर्यंतच.

मुंबईच्या चित्रसृष्टीलाही हा अनुभव आला. २०१२ मध्ये प्रियांका चोप्राचं ‘इन माय सिटी’ अमेरिकी फुटबॉलच्या गुरुवारच्या सामन्यांच्या प्रक्षेपणात वाजलं आणि वर्षभराने रॅपर पिटबुलसोबतचं ‘एक्झॉटिक’ आलं. सोबतीला बडी नावं होती, तरी गायिका म्हणून तिचा तिथे जम बसला नाही. भारतातली तिची ओळख अमेरिकी रेडिओवर कामाची नव्हती. २०१५ मध्ये ‘क्वांटिको’ मालिकेत ती दर आठवड्याला दिसू लागली, तेव्हा तिथल्या घराघरांत तिचा चेहरा पोचला.

आता गाणं पोचवायला रेडिओची मनधरणी लागत नाही. २०१२ मध्ये कोरियाच्या सायचं ‘गंगनम स्टाइल’ यूट्यूबवर जगभर धुमाकूळ घालत होतं, पण बिलबोर्डच्या यादीत ते सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण अमेरिकी रेडिओ त्याला कमी वेळ देत होता. फेब्रुवारी २०१३ पासून बिलबोर्डने यूट्यूबची आकडेवारीही मोजायला घेतली. मोजमाप बदललं, तरी बाजार एकसारखे झालेले नाहीत. २०२५ मध्ये स्पॉटिफायवर सर्वाधिक फॉलोअर असलेला गायक ठरला अरिजित सिंग, टेलर स्विफ्टच्याही पुढे. बिलबोर्डच्या शंभरांत मात्र त्याचं एकही गाणं आलेलं नाही. तिथे २०२४ मध्ये २३वा क्रमांक गाठला तो केरळात जन्मलेल्या, ह्यूस्टनमध्ये वाढलेल्या हनुमानकाइंडच्या ‘बिग डॉग्ज’ने. अमेरिकी हिपहॉपच्या घाटाचं हे गाणं, आणि व्हिडिओत आपल्या जत्रेतला मौत का कुआँ. भारतात त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी ऐकला जातो तो अरिजितच.