पिल्लं भुकेने मरत नाहीत

शारजाच्या पक्षी-प्राणी बाजारातून किंवा दुबईच्या वरसानमधल्या दुकानांतून आणलेली गप्पीची जोडी बघता बघता टाकी पिल्लांनी भरून टाकते. मग सल्ले सुरू होतात. पहिला ठरलेला: उकडलेल्या अंड्याचा बलक घाला.

बलक पिल्लं खातात, हे खरंच आहे. पण त्यातला मोठा भाग तळाशी बसतो, कुजतो आणि पाण्यात अमोनिया वाढतो. ‘उपाशी मेली’ असं ज्यांच्याबद्दल हळहळत सांगितलं जातं, त्यातली बरीच पिल्लं जास्तीच्या खाण्यानेच मेलेली असतात. दिवसातून चार-पाच वेळा, अगदी कणभर खाणं आणि रोज थोडं पाणी बदलणं, हेच त्यांना मानवतं.

‘बाहेर आली की लगेच खायला घाला’ हेही सगळ्यांना लागू नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी अंडी घालत नाहीत. त्यांची पिल्लं पोहतच जन्माला येतात आणि पहिल्याच दिवशी चुरलेलं फ्लेक खातात. त्यांना धोका असतो तो आईचाच, म्हणून लपायला दाट शेवाळ हवं. फायटर माशाचं पिल्लू मात्र पहिले दोन-तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर जगतं. ते आडवं पोहू लागेपर्यंत टाकलेलं खाणं फुकट जातं. पुढेही त्याच्या तोंडात फ्लेक मावत नाही. आधी डोळ्यांना जेमतेम दिसणारे इन्फ्यूझोरिया हे सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं.

आर्टेमिया घरी करणं सोपं आहे. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी, 28 अंशांच्या आसपास तापमान, वर दिवा आणि खालून जोरात हवा. 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके वळवळू लागतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि ठिपके उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने ओढून, गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी घालावेत. शिळे झाले की त्यांच्यातलं पोषण घटतं. पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की हात आखडावा.

आता खास अमिरातीतले दोन गैरसमज. नळाचं पाणी समुद्राचं, म्हणजे खारट असणार, असं अनेकांना वाटतं. मीठ तर कारखान्यातच काढलेलं असतं; काळजी करायची ती क्लोरीनची आणि उष्णतेची. जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की लोक गीझर बंद ठेवून गीझरमधलंच पाणी गार म्हणून वापरतात. गच्चीवरून येणारं असं कढत पाणी थेट माशांच्या टाकीत ओतलं, तर पिल्लं गेलीच म्हणायची. पाणी बादलीत काढून ठेवावं, क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत आणि ते टाकीइतकं कोमट झालं की हळूहळू सोडावं.

दुसरा: ‘वाळवंटात हीटर कशाला?’ बाहेर 45 अंश असले तरी हॉलमध्ये एसी 22 वर असतो आणि पिल्लांना 26 ते 28 लागतात. फायटरच्या पिल्लांना तर झाकणही हवं. तीन-चार आठवड्यांची झाली, की ती पाण्यावर येऊन हवा घेऊ लागतात; ती हवा एसीची गार, कोरडी असेल तर मरू शकतात.

आणि पिल्लं फार झाली म्हणून हट्टाच्या वादीत, म्हणजे डोंगरी ओढ्यात, सोडणं हे पुण्याचं काम नाही. हजर पर्वतातल्या वादींमध्ये मुळातच थोडे स्थानिक मासे आहेत, त्यांच्या वाट्याचं पाणी आणि खाणं हे पाहुणे खातील. शेजारच्या पोरांना द्या, दुकानदाराला विचारा, पण वादीत सोडू नका.