वेतन आणि कामाचे तास : तुलनेचे निकष आणि राजधानी परिसर

दिल्लीच्या नैर्ऋत्य सीमेवर कापसहेडा ही कामगारांची दाट वस्ती आहे. येथील असंख्य कामगार रोज सकाळी राज्याची सीमा ओलांडून हरियाणातील गुरुग्रामच्या उद्योग विहारमधील तयार कपड्यांच्या कारखान्यांत जातात. खोलीचे भाडे ते दिल्लीत भरतात. परंतु किमान वेतन कामाच्या ठिकाणावरून ठरत असल्याने त्यांना हरियाणाचा दर लागू होतो. त्यांनी शिवलेले कपडे अमेरिका व युरोपच्या बाजारपेठेत विकले जातात. एकाच वस्तूच्या निर्मितीपासून विक्रीपर्यंतच्या साखळीत श्रमाच्या एका तासाचे मोल इतके वेगवेगळे का, हा प्रश्न येथे अगदी ठळकपणे समोर येतो.

तुलना कशी करावी?

दोन देशांतील वेतनाची तुलना करताना प्रथम कालावधीचे एकक समान असावे लागते. भारतात वेतन प्रायः मासिक किंवा दैनिक असते, तर अमेरिकेत व जर्मनीत किमान वेतन ताशी ठरते. एप्रिल २०२५ पासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये करण्यात आले. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे ८ तास धरल्यास ते दिवसाला सुमारे ७१० आणि तासाला सुमारे ८९ रुपये होते.

दुसरा प्रश्न चलनाचा. त्या सुमारास डॉलरचा विनिमय दर ८५ रुपयांच्या आसपास होता. त्यानुसार दिल्लीचा ताशी दर जेमतेम एक डॉलर भरतो. अमेरिकेतील संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. म्हणजे तफावत सुमारे सातपट दिसते. मात्र विनिमय दर हा प्रामुख्याने देशादेशांत व्यापार होणाऱ्या वस्तू आणि भांडवलाचे प्रवाह यांवर ठरतो. घरभाडे, केशकर्तन, स्थानिक प्रवास अशा सेवा भारतात बऱ्याच स्वस्त असतात. हा फरक लक्षात घेण्यासाठी क्रयशक्ती समतेचा आधार घेतला जातो. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार २०१७ मध्ये एका डॉलरची क्रयशक्ती भारतात २०.६५ रुपयांइतकी होती, तर बाजारातील विनिमय दर ६५.१२ रुपये होता. हे प्रमाण ढोबळमानाने लावल्यास दिल्लीचा ताशी दर सुमारे ४.३ डॉलर होतो आणि तफावत दुपटीपेक्षाही कमी उरते.

येथे दोन बाबतींत सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांचे किमान वेतन संघीय दराहून बरेच अधिक आहे. शिवाय किमान वेतन म्हणजे कायद्याने घातलेली मर्यादा. प्रत्यक्षात हाती पडणारे वेतन नव्हे. असंघटित क्षेत्रात या दोहोंतील अंतर मोठे असू शकते.

गरीब देशांत कामाचे तास अधिक का?

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जर्मनीत प्रत्येक श्रमिकामागे वर्षाला सुमारे १,३४० तास, तर मेक्सिकोत सुमारे २,२०० तास काम झाले. जर्मनीतील अल्प सरासरीमागे अर्धवेळ काम करणाऱ्यांची मोठी संख्या हेही एक कारण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार भारतात श्रमिक आठवड्याला सरासरी सुमारे ४७ तास काम करतो आणि सुमारे निम्मे श्रमिक ४९ तासांहून अधिक काम करतात. बिक, फुक्स-शुंडेल्न व लागाकोस या अर्थतज्ज्ञांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हाच कल आढळला : अल्प उत्पन्नाच्या देशांतील प्रौढ व्यक्ती श्रीमंत देशांतील प्रौढांपेक्षा सरासरी अधिक तास काम करते.

याचे मूळ उत्पादकतेत आहे. यंत्रसामग्री, कौशल्य, वीज व वाहतूक यांच्या अभावी एका तासातील उत्पादन कमी राहते. मग कुटुंबाच्या गरजा भागविण्यासाठी तास वाढवावे लागतात. उत्पन्न वाढले की माणूस त्याचा काही भाग विश्रांतीच्या रूपाने घेतो, यास उत्पन्न परिणाम म्हणतात. सवेतन रजा, बेकारी भत्ता व निवृत्तिवेतन यांची श्रीमंत देशांतील व्यवस्था हा परिणाम अधिक बळकट करते.

सशुल्क कामाचे तास मोजताना स्त्रियांचे घरातील श्रम मात्र हिशेबाबाहेर राहतात. २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे देत होत्या. २०१९ मध्ये हा आकडा ३१५ होता.

एकच रुपया, दोन दर

राजधानी परिसरातील तफावत मात्र चलनाच्या किंवा क्रयशक्तीच्या आधारे उलगडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीचा अकुशल दर १८,४५६ रुपये असताना हरियाणा व उत्तर प्रदेशातील दर ११ हजार रुपयांच्या आसपास होता. ११ हजार रुपये म्हणजे तासाला सुमारे ५३ रुपये. अशा कामगाराने रोज १२ तास काम केले व जादा कामाचा मोबदला त्याला साध्याच दराने मिळाला, तर त्याची मासिक कमाई १६,५०० रुपये होते. म्हणजे सीमेपलीकडे १२ तास राबूनही दिल्लीतील ८ तासांच्या किमान वेतनाची बरोबरी होत नाही. कायद्यानुसार दुप्पट दर मिळाल्यास तीच कमाई २२,००० रुपये होईल. हे उदाहरण केवळ हिशेबासाठी आहे, कारण जादा कामाच्या तासांवरही मर्यादा आहे. तथापि, मूळ वेतन अपुरे असले की जादा काम ही कामगाराची निवड न राहता गरज बनते, हे यातून स्पष्ट होते.

आठ तासांचा प्रवास

कामाच्या तासांवरील मर्यादा आपोआप आलेली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळविली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ मधील पहिल्या कराराने आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व स्वीकारले. परंतु ब्रिटिश भारतासाठी ६० तासांचा अपवाद ठेवला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी मर्यादा ५४ तासांवर आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील श्रम सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिल्लीत मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये ती ४८ तासांवर आणली. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये हीच मर्यादा कायम राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. वेतन संहितेत वैधानिक तळ वेतनाची तरतूद आहे. राज्यांचे किमान वेतन त्यापेक्षा कमी असू शकत नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या दैनिक १७६ रुपयांच्या राष्ट्रीय तळ वेतनाला असे वैधानिक बळ नव्हते. जादा कामासाठी दुप्पट दराचे तत्त्वही कायम आहे.

श्रीमंत देशांत कामाचे तास घटले ते उत्पादकता वाढल्यामुळे. आणि त्या वाढीचा वाटा कामगारापर्यंत पोहोचला तो कायदा व संघटना यांमुळे. यांपैकी एकानेच काम भागत नाही. कापसहेड्याहून निघणाऱ्या कामगाराला आठ तासांच्या श्रमात भाडे, अन्न व मुलांचे शिक्षण भागविता येते किंवा नाही, याच कसोटीवर नव्या व्यवस्थेचे यश तपासावे लागेल.